छोट्या संगणकाला बाहेरचे ग्राफिक्स कार्ड : घेण्याआधी आणि जोडताना

तळवडे, रुपीनगर, चिखली, निगडी, देहूरोड या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत संगणक ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. वडील भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात, आई एखाद्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला आणि मुलगा किंवा मुलगी आय.टी.आय.ला, डिप्लोमाला नाही तर इंजिनिअरिंगला, असे चित्र घरोघर दिसते. तळवड्यात एका अंगाला सॉफ्टवेअर पार्कच्या काचेच्या इमारती आहेत, तर दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये लेथ, प्रेस आणि व्ही.एम.सी. मशीन चालतात. दोन्हीकडच्या कामाला संगणक लागतोच. म्हणून पोटाला चिमटा घेऊन का होईना, मुलांसाठी एक छोटा संगणक घरात येतो. जागा कमी, वीज कमी आणि किंमतही बेताची, म्हणून डब्याएवढा मिनी पीसी घेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत.

पुढे वर्ष-दोन वर्षांनी मुलगी सांगते, "पप्पा, कॉलेजात थ्री-डी डिझाइन सुरू झाले. मोठी फाइल उघडली की आपला संगणक अडकतो. ग्राफिक्स कार्ड पाहिजे." वडील दुकानात चौकशी करतात. दुकानदार म्हणतो, "या डबीत कार्ड बसत नाही. नवीन संगणक घ्या." त्याचे पहिले वाक्य खरे असते. दुसरे मात्र दर वेळी खरे असतेच असे नाही. कार्ड संगणकाच्या बाहेर ठेवून ते केबलने जोडण्याची सोय आता झाली आहे. ती काय आहे, कोणाला उपयोगी आहे, कोणी तिच्या नादी लागू नये आणि जोडणी कशी करावी, हे आपण या लेखात क्रमाने पाहू. दिवाळीच्या बोनसमधून किंवा पतपेढीच्या कर्जातून जाणारा हा पैसा आहे. तो समजून-उमजून गेला पाहिजे.

ग्राफिक्स कार्डाचे काम काय?

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा चार-सहा निष्णात कारागिरांसारखा असतो. कोणतेही अवघड काम दिले तरी तो एकामागून एक करीत जातो. परंतु पडद्यावर लाखो ठिपके असतात. थ्री-डी चित्र फिरवले की त्यातील प्रत्येक ठिपक्याचा रंग नव्याने मोजावा लागतो. हे गणित सोपे, पण संख्येने अफाट असते. त्याला चार निष्णात कारागीर पुरत नाहीत. तेथे साधी कामे एकाच वेळी करणारे हजारो हात लागतात. ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसर असा हजारो हातांचा असतो. एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने १९९९ साली जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणले आणि त्यावरील चिपला जीपीयू म्हणून पुढे केले. तेव्हापासून तो शब्द रूढ झाला.

सुरुवातीला ही कार्डे खेळांसाठी घेतली जात. पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की हेच हजारो हात दुसऱ्या गणितांनाही लावता येतील. आपल्या पुण्यातच याची दोन उदाहरणे आहेत. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्याच संस्थेचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक एन्व्हिडियाच्या ए१०० या जीपीयूंवर चालतो. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता. दुसरे उदाहरण चाकणवरून पुढे नाशिक रस्त्याने गेल्यावर लागते. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील रेडिओ लहरी टिपतात आणि सुधारित यंत्रणेत त्या सर्व लहरींचे गणित जुळवायला जीपीयू वापरले जातात. म्हणजे मुलाने कार्ड मागितले की तो खेळासाठीच मागतो, असे लगेच धरून चालू नये. त्याचबरोबर अभ्यासाच्या नावाखाली खेळासाठीही कार्ड मागितले जाते, हेही आई-वडिलांनी ध्यानात ठेवावे!

बाहेरच्या कार्डाचा संच

बाहेरून कार्ड जोडायचे म्हणजे चार वस्तू लागतात. पहिली, खुद्द ग्राफिक्स कार्ड. मोठ्या संगणकात बसते तेच. दुसरी, कार्ड ज्या खाचेत उभे राहते तो डॉक किंवा बंद पेटी. तिसरी, कार्डाला वीज देणारा पॉवर सप्लाय, म्हणजे एस.एम.पी.एस. चौथी, संगणकापर्यंत जाणारी केबल. काही पेट्यांत पॉवर सप्लाय आतच बसवलेला असतो. अशा पेट्या महाग असतात. उघडा डॉक स्वस्त पडतो, परंतु त्याला पॉवर सप्लाय वेगळा घ्यावा लागतो. कार्डाची किंमत विचारून पैसे जमवले आणि बाकी तीन वस्तूंचा हिशेबच धरला नाही, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. म्हणून दुकानात चारही वस्तूंचा एकत्र भाव विचारावा.

आता या सोयीतील उणीव पाहू. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तळवडे चौकात काय होते ते आपण जाणतो. पलीकडे कारखाना कितीही मोठा असो, चौकातून टेम्पो जितके सुटतील तितकाच माल पोहोचणार. बाहेरच्या कार्डाचे तसेच आहे. मोठ्या संगणकात कार्ड थेट मदरबोर्डवर बसते. चौथ्या पिढीच्या सोळा पदरी स्लॉटमधून सेकंदाला सुमारे ३२ जीबी माहिती एका दिशेने जाऊ शकते. थंडरबोल्ट ३ किंवा ४ या केबलची क्षमता सेकंदाला ४० गिगाबिट. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून हे ५ जीबी झाले. त्यातही कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ४ जीबी येतात. म्हणजे रस्ता एक-अष्टमांश झाला. ऑक्युलिंक नावाची दुसरी केबल चौथ्या पिढीच्या चार पदरांवर चालते तेव्हा सुमारे ८ जीबीपर्यंत जाते.

याचा अर्थ काम एक-अष्टमांश होते असा मात्र नाही. ते कामाच्या जातीवर अवलंबून आहे. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र रेंडर करताना सगळा माल एकदाच कार्डाच्या मेमरीत जातो आणि मग कार्ड तासभर आपल्या जागी काम करीत राहते. तेथे अरुंद रस्त्याचा त्रास फारसा होत नाही. खेळांत मात्र क्षणोक्षणी ये-जा चालू असते. तेथे घट स्पष्ट जाणवते. म्हणून फार महागडे कार्ड बाहेरून जोडण्यात शहाणपण नाही. मध्यम ताकदीचे कार्ड या रस्त्याला शोभते.

आधी आपला संगणक ओळखा

कार्ड घेण्याआधी आपल्या संगणकाला ते जोडण्याची वाट आहे का, हे तपासले पाहिजे. वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट थंडरबोल्टची. संगणकावर यूएसबी-सीची छोटी लांबट-गोल खाच असते. तिच्याशेजारी विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर ती बहुधा थंडरबोल्टची असते. पण येथेच फसगत होते. यूएसबी-सीची खाच बाहेरून सगळीकडे सारखीच दिसते, आतले काम मात्र वेगवेगळे असते. काहींतून फक्त मोबाइल चार्ज होतो, काहींतून पडद्याचे चित्र जाते आणि थोड्यांतूनच कार्डाला लागणारी माहिती जाते. यूएसबी४ असे लिहिलेल्या संगणकातही ही सोय कंपनीच्या मर्जीवर असते. म्हणून संगणकाचा पूर्ण मॉडेल क्रमांक काढून कंपनीच्या माहितीपत्रकात थंडरबोल्ट ३, ४ किंवा ५ असे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे. यूएसबी४ असेल तर बाहेरचे ग्राफिक्स कार्ड चालते असा उल्लेख शोधावा.

दुसरी वाट ऑक्युलिंकची. अलीकडच्या काही मिनी पीसींना ही खाच बाहेरूनच दिलेली असते.

तिसरी वाट आपल्या लोकांच्या अधिक कामाची. आय.टी. कंपन्या आपले जुने छोटे संगणक ठरावीक वर्षांनी काढून टाकतात. लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी असे हे संगणक साफसूफ करून कमी किमतीत विकले जातात. त्यांना थंडरबोल्ट सहसा नसतो. पण आत एसएसडीसाठी एम.टू नावाचा स्लॉट असतो. त्यात एक छोटी पट्टी बसवून ऑक्युलिंकची केबल बाहेर काढता येते. एसएसडीची जागा मात्र त्यात जाते, म्हणून विंडोज किंवा लिनक्स दुसऱ्या साटा डिस्कवर घालावे लागते. या जुन्या संगणकांतील स्लॉट बहुधा तिसऱ्या पिढीचा असल्याने वेगही थंडरबोल्टइतकाच मिळतो. शिवाय सर्वच एम.टू स्लॉट एका जातीचे नसतात. काही फक्त साटाचे असतात, त्यांत कार्ड चालत नाही. स्लॉट एनव्हीएमईचा आहे याची खात्री करूनच पट्टी घ्यावी.

जुना संगणक घेताना आणखी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती संपली. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा संगणकावर लिनक्स घालून शिकता येते, परंतु मुलीच्या कॉलेजचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे असेल तर आठवी पिढी किंवा तिच्यापुढचा संगणक पाहावा.

आणि मॅकविषयी. २०२० च्या शेवटापासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅक मिनीला थंडरबोल्ट असूनही बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याची सोय ॲपलने दिलेली नाही. खाच आहे म्हणून कार्ड चालेल, असे कोणी सांगितले तर त्यावर पैसे घालवू नयेत.

खरोखर गरज आहे का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑटोकॅडमध्ये टू-डी ड्रॉइंग काढणे, सी.एन.सी.चे प्रोग्रॅम लिहिणे, एक्सेल, टॅली, सी किंवा पायथॉन शिकणे या कशालाही वेगळे कार्ड लागत नाही. थ्री-डी डिझाइनच्या पहिल्या वर्षात दहा-वीस भागांची जोडणी करायची असते. तीही संगणकातील अंगच्या ग्राफिक्सवर चालते. अशा वेळी संगणक अडकतो तो बहुधा रॅम कमी असल्यामुळे. ८ जीबी रॅम असेल तर आधी १६ जीबी करून पाहावी. कार्डाच्या चार वस्तूंपेक्षा एकट्या रॅमचा खर्च सहसा कमीच असतो.

शेकडो भागांची मशीन किंवा संपूर्ण डाय एकत्र जोडून फिरवायची असेल, ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करायचे असेल, लग्नाच्या व्हिडिओंचे संकलन करून चार पैसे मिळवायचे असतील किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास गंभीरपणे चालला असेल, तर कार्डाचा खरा उपयोग होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एन्व्हिडियाचे कार्ड सोयीचे पडते, कारण त्या क्षेत्रातील पुष्कळ सॉफ्टवेअर त्या कंपनीच्या कुडा या यंत्रणेवर लिहिलेले आहे. या कामांत कार्डाच्या मेमरीलाही महत्त्व आहे. ८ जीबी मेमरी ही शिकणाऱ्यासाठी बरी मर्यादा समजावी. आपल्या कॉलेजात कोणते सॉफ्टवेअर शिकवतात आणि ते कोणत्या कार्डाला मान्यता देते, हे मुलांनी शिक्षकांना विचारून कागदावर लिहून आणावे.

शिकण्यापुरते काम असेल तर गूगल कोलॅब आणि कॅगल या सेवा इंटरनेटवरून दूरच्या जीपीयूवर मर्यादित तास काम करू देतात, त्याचे पैसे पडत नाहीत. सहा महिने त्यावर काम करून मुलाची आवड टिकली, तर मग घरात कार्ड आणावे. ही कसोटी फुकट आहे आणि खरी आहे.

आणखी एक हिशेब मांडून पाहावा. घरात अजून संगणकच नसेल तर मिनी पीसी आणि बाहेरचे कार्ड असा संच नव्याने घेऊ नये. त्या पैशांत उभ्या डब्याचा साधा डेस्कटॉप घ्यावा. त्यात कार्ड थेट स्लॉटमध्ये बसते, डॉक आणि केबलचा खर्च वाचतो आणि वेगही पूर्ण मिळतो. योग्य वाट असलेला छोटा संगणक घरात आधीपासून आहे आणि त्याचा प्रोसेसर अजून दमदार आहे, अशांनीच बाहेरच्या कार्डाचा विचार करावा.

विजेचे गणित

कार्डावर किती वॅट लागतात हे लिहिलेले असते. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागले तर वेगळी तार जोडावी लागते. सहा पिनची तार ७५ आणि आठ पिनची १५० वॅटसाठी असते. पॉवर सप्लाय नेहमी गरजेपेक्षा बराच वरचढ आणि नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा. कार्डावर हजारो रुपये घालवून पॉवर सप्लाय मात्र गल्लीतला हलका घ्यायचा, यासारखी महागडी काटकसर नाही.

येथे एक धोका आवर्जून सांगतो. पॉवर सप्लायला आठ पिनच्या दोन प्रकारच्या तारा असतात. एक कार्डासाठी, तिची सहा अधिक दोन अशी फोड होते. दुसरी मुख्य प्रोसेसरसाठी, तिची चार अधिक चार अशी फोड होते. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी, पण त्यांतील १२ व्होल्ट आणि अर्थ यांच्या जागा उलट असतात. बळेच बसवली तर कार्ड जळते. तसेच सुट्या तारांचा पॉवर सप्लाय असेल तर एका कंपनीच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावू नयेत. आपल्याकडे कंट्रोल पॅनेलचे वायरिंग करणारे कितीतरी कामगार बंधू आहेत. तार लावण्याआधी मीटरने तपासण्याची त्यांची सवय येथे मोलाची ठरते. दुकानातल्या नव्या पोराच्या हातापेक्षा त्यांचा हात अधिक भरवशाचा असतो!

आता बिलाचे पाहू. १५० वॅटचे कार्ड, छोटा संगणक, मॉनिटर आणि वाया जाणारी वीज धरून संच जोराने चालताना सुमारे २५० वॅट घेतो. म्हणजे चार तासांत एक युनिट. रोज चार तास असे चालले तर महिन्याला ३० युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या वर गेलेल्या युनिटला दर चढा लागतो, हेही लक्षात घ्यावे. घरात ६०० व्ही.ए.चा यू.पी.एस. असेल तर त्याची ताकद साधारण ३६० वॅटची असते. मोठे कार्ड त्यावर टाकले तर वीज जाताच यू.पी.एस. कच खातो आणि चालू काम जाते.

सॉकेटला अर्थिंग असलेच पाहिजे. भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या भोकाला पुष्कळदा तारच जोडलेली नसते. घरमालकाला सांगून ती आधी करून घ्यावी.

जोडणी क्रमाने

आता प्रत्यक्ष काम. सुट्टीच्या दिवशी उजेडात, फरशी पुसून बसावे. नायलॉनचे कपडे घालू नयेत. हाताला अर्थिंग असलेल्या धातूचा स्पर्श करून मगच कार्ड हाती घ्यावे, म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरते. कार्ड कडेने धरावे, सोनेरी दातांना बोट लावू नये.

१. कार्ड बसवण्याआधी संगणकात विंडोजचे सर्व अपडेट पूर्ण करून घ्यावेत. घरातील महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवाव्यात. बायोसमध्ये थंडरबोल्टची परवानगी आणि "अबव्ह ४जी डिकोडिंग" ही सोय असेल तर ती चालू करावी.

२. संगणक पूर्ण बंद करून प्लग काढावा. एम.टूची पट्टी लावायची असेल तर याच वेळी लावावी आणि तिचा स्क्रू घट्ट करावा.

३. कार्ड डॉकच्या खाचेत सरळ दाबावे. खटका बसल्याचा आवाज येतो. मग कार्डाचा पत्रा स्क्रूने पक्का करावा, नाहीतर त्याच्या वजनाने खाच वाकते.

४. पॉवर सप्लायची मोठी २४ पिनची तार डॉकला आणि आठ पिनची कार्डाची तार कार्डाला लावावी. पॉवर सप्लाय चालू करण्यासाठी पिना तारेच्या तुकड्याने जोडण्याची युक्ती कोणी शिकवील. ती वापरू नये. २४ पिनची खाच आणि बटण असलेला डॉकच घ्यावा.

५. केबल दोन्ही टोकांना नीट बसवावी. केबल अर्ध्या मीटरच्या आसपासचीच ठेवावी. लांब केबलने वेग घटतो किंवा कार्ड दिसतच नाही.

६. मॉनिटर अजून संगणकाच्या स्वतःच्या खाचेलाच ठेवावा. आधी डॉकचा पॉवर सप्लाय चालू करावा, मग संगणक.

७. विंडोज सुरू झाल्यावर कार्ड बनवणाऱ्या चिप कंपनीच्या, म्हणजे एन्व्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा. दुसऱ्या कुठल्या ठिकाणचा घेऊ नये.

८. ड्रायव्हर बसला की संगणक बंद करून मॉनिटरची तार काढावी आणि ती थेट कार्डाच्या खाचेला लावावी. असे केले की तयार झालेले चित्र त्याच अरुंद रस्त्याने परत येत नाही. छोट्या संगणकाला मॉनिटर वेगळाच असतो, हा येथे त्याचा फायदा आहे.

९. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर कार्डाचे नाव दिसते का पाहावे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या यादीत आपले सॉफ्टवेअर निवडून त्याला हेच कार्ड द्यावे.

संगणक चालू असताना ऑक्युलिंकची केबल कधीही ओढू नये. थंडरबोल्टची केबल चालू अवस्थेत काढता येते, पण तीही विंडोजला आधी सांगूनच. घरात लहान मुले असतील तर सरळ सगळे बंद करूनच हात लावण्याचा नियम बरा.

अडचण आली तर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळे चिन्ह आले तर त्यावर दोनदा टिचकी मारून कोड वाचावा. कोड १२ म्हणजे संगणकाला कार्डासाठी पुरेशी जागा वाटून देता येत नाही. वर सांगितलेली बायोसमधील सोय चालू करून पाहावी. कोड ४३ म्हणजे कार्डाने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवले. ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा, केबल काढून पुन्हा बसवावी, विजेची तार तपासावी. कार्ड मुळीच दिसत नसेल तर बंद करून क्रम पुन्हा पाळावा. काही वेळ चालून संगणक अचानक बंद पडत असेल तर पॉवर सप्लाय अपुरा आहे किंवा कार्ड तापते आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहून ठेवावा. मेंटेनन्स खात्यात काम करणाऱ्यांना ही रीत नवी नाही.

जुने कार्ड घेताना

पुष्कळांना जुनेच कार्ड परवडते. त्यात कमीपणा काही नाही. पण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते कार्डांवर खणून काढण्याचा धंदा बंद पडला. महिनोन् महिने रात्रंदिवस चाललेली कार्डे त्यानंतर जुन्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा जवळच्या दुकानात घ्या, कार्ड निदान अर्धा तास पूर्ण जोराने चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पडद्यावर चौकटी, रेघा किंवा चमकणारे ठिपके आले तर ते कार्ड सोडावे. पंखे सुरळीत फिरतात का, पिना काळवंडल्या आहेत का हे पाहावे. बिलावर कार्डाचा अनुक्रमांक आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्यावी. "बिलाशिवाय स्वस्त देतो" हे वाक्य ऐकले की थोडे थांबावे.

धूळ आणि आग

आपल्या परिसरात एक वेगळी काळजी घ्यावी लागते. ग्राइंडिंग आणि मशिनिंगचा लोखंडी चुरा कपड्यांवरून, चपलांवरून घरात येतो. साधी धूळ पंखा अडवते, लोखंडी कण मात्र वीज वाहून नेतात आणि उघड्या डॉकवर पडले तर शॉर्ट होते. ज्यांचे घर आणि वर्कशॉप एकाच शेडमध्ये आहे त्यांनी उघडा डॉक घेऊच नये. जाळीची बंद पेटी घ्यावी. कामाचे कपडे संगणकापासून दूर काढावेत.

आगीचे दुःख काय असते हे तळवड्याला सांगावे लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी येथे वाढदिवसाच्या केकवरील फुलझडी-मेणबत्त्यांच्या कारखान्यात लागलेल्या आगीत पोट भरायला आलेल्या कितीतरी महिलांचे प्राण गेले. तेथील कारण वेगळे होते, पण लहान जागा, जळाऊ वस्तू आणि निघायला अडचण या गोष्टी आपल्या खोल्यांतही असतात. म्हणून संच गादीवर, पडद्याजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये. भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. रात्रभर रेंडर लावून सगळे झोपी गेले, असे करू नये. काम संपले की मुख्य बटण बंद करावे.

घरातील वाटणी

शेवटी एक गोष्ट आई-वडिलांसाठी. कार्ड आले की ते कोणाचे, यावरून घरात कुरबूर होते आणि बहुधा मुलाचा खेळ जिंकतो व मुलीचा अभ्यास मागे राहतो. मुलगी स्वयंपाकघरातून मोकळी होते तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि संगणकापुढे दादा बसलेला असतो. वेळापत्रक लिहून भिंतीवर लावावे. अभ्यासाचे तास आधी, खेळाचे नंतर, आणि मुलगी संगणकावर असताना तिला भांडी घासायला उठवू नये. तो वेळ दादाने भांड्यांना द्यावा. जोडणी करतानाही स्क्रू-ड्रायव्हर तिच्याच हातात द्यावा. स्वतः जोडलेल्या यंत्राची भीती उरत नाही आणि पुढे कोणी तिला तंत्राच्या नावाने फसवू शकत नाही.

एकट्या कुटुंबाला हा खर्च झेपत नसेल तर वस्तीतील तीन-चार कुटुंबांनी किंवा एखाद्या अभ्यासिकेने मिळून एक संच घ्यावा. अशा ठिकाणी जाळीची, कुलपाची पेटी असावी, नोंदवही असावी आणि वीजबिलाचा वाटा आधी ठरवावा. चार मुलांनी पाळीपाळीने चालवलेले एक कार्ड एका घरात धूळ खात पडलेल्या कार्डापेक्षा लाख पटीने बरे.

दुकानात पाऊल टाकण्याआधी एका कागदावर एवढे लिहून न्यावे : आपल्या संगणकाचा पूर्ण मॉडेल क्रमांक, त्याला असलेली वाट, कॉलेजच्या सॉफ्टवेअरचे नाव आणि चारही वस्तू मिळून आपण किती खर्च करू शकतो तो आकडा. कागदावरील एखाद्या ओळीचे उत्तर मिळत नसेल तर त्या दिवशी पैसे खिशातच ठेवून घरी यावे. कार्डे पुढच्या महिन्यातही मिळतात.